उसना भूतकाळ

1993 च्या ऑगस्टमध्ये मी पुढच्या शिक्षणासाठी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात आले, तेव्हा विद्यापीठाजवळच्या एका जुन्या लाकडी घराचा वरचा मजला मला भाड्याने मिळाला. माझ्या आधी तिथे राहणाऱ्या मुलीने जाताना आपला टीव्ही नेला नव्हता आणि केबलचे पैसे घरभाड्यातच धरलेले होते. प्रयोगशाळेतले काम आटोपून घरी यायला मला रात्रीचे अकरा वाजून जात. तेव्हा घरात बोलायला कोणी नसे, परदेशातून फोन करणे परवडत नसे आणि आईचे पत्र यायला दोन-दोन आठवडे लागत. खोलीत माणसाचा आवाज हवा, एवढ्यासाठीच मी टीव्ही लावत असे.

एका रात्री वाहिन्या बदलत असताना, दिवसा जिथे लहान मुलांचे रंगीबेरंगी कार्यक्रम चालत त्याच क्रमांकावर मला कृष्णधवल चित्र दिसले. एक उंच, सडपातळ माणूस बाहेरून घरात येत होता, दिवाणखान्यात त्याची बायको आणि सहकारी होते, आणि त्यांच्याकडे येताना वाटेतल्या एका गुबगुबीत बैठकीला अडखळून तो लोळण घेत पडला. दुसऱ्या रात्री मी मुद्दाम त्याच वेळी तीच वाहिनी लावली, तर त्या रात्री तो बैठकीला सफाईने वळसा घालून पुढे गेला. शीर्षकदृश्याची अशी वेगवेगळी रूपे चित्रित करून ठेवलेली होती आणि आज कोणते येणार हे पाहणाऱ्याला आधी कळत नसे. तीस वर्षांपूर्वी चित्रित होऊन कायमच्या ठरून गेलेल्या त्या प्रसंगाविषयी मला रोज रात्री खरीखुरी उत्सुकता वाटू लागली. आज तो पडेल की वाचेल, हे पाहिल्याशिवाय मी दिवा मालवत नसे.

ती मालिका म्हणजे 1961 ते 1966 या काळात सीबीएस या अमेरिकी टीव्ही नेटवर्कवर झालेला 'द डिक व्हॅन डाइक शो' आणि ती दाखवणारी वाहिनी म्हणजे 'निक ॲट नाइट'. वाहिनी म्हणायचे ते सोयीसाठी, कारण ती स्वतंत्र नव्हती. 'निकलोडियन' या मुलांच्या वाहिनीचे रात्रीचे तास मुले झोपल्यावर रिकामे राहत. पूर्वी ते दुसऱ्या एका वाहिनीला दिलेले होते, आणि तिने आपली वेगळी व्यवस्था केल्यावर त्या जागी काय दाखवायचे हा प्रश्न उभा राहिला. नवे कार्यक्रम काढणे महाग होते आणि जुन्या मालिकांचे हक्क त्या मानाने स्वस्त होते. 1 जुलै 1985 रोजी 'निक ॲट नाइट' सुरू झाले ते या साध्या हिशेबातून. पण हिशेबातून सुरू झालेल्या त्या गोष्टीकडे तिथल्या लोकांनी फार मायेने पाहिले असावे, असे मला त्या काळी वाटे आणि आजही वाटते. दोन भागांच्या मधल्या जागेत ते त्या मालिकेबद्दल काही सांगत, आपल्या वाहिनीची खास बनवलेली गाणी वाजवत, एखाद्या विसरल्या गेलेल्या सहकलाकाराचा उल्लेख करत. जुने आहे म्हणून ते कोपऱ्यात उरकून टाकत नसत. पाहुण्याला पुढच्या खोलीत बसवावे तसे ते त्या मालिकांना बसवत.

मराठीत आपण याला स्मरणरंजन म्हणतो. तो शब्द मला माझ्या बाबतीत बरेच दिवस वापरता येत नव्हता, कारण माझ्याजवळ त्या मालिकांचे स्मरणच नव्हते. ज्या काळात त्या अमेरिकेतल्या घराघरांत पाहिल्या गेल्या, त्या काळात मी एकतर जन्मले नव्हते, नाहीतर दूर भारतात अगदी लहान होते. माझे सहाध्यायी ज्या धून ऐकताच शाळेतून घरी आल्यावरच्या दुपारी आठवत, त्या धून मी पंचविशीच्या उंबरठ्यावर पहिल्यांदा ऐकत होते. तरीही पहिला हिवाळा संपता संपता मला त्या दिवाणखान्यांविषयी जे वाटू लागले, त्याला ओढ हाच शब्द होता. दुसऱ्याच्या आठवणी उसन्या घेता येतात आणि पुढे त्या परत करता येत नाहीत, हे मला त्या वाहिनीने शिकवले.

या मालिका माझ्यापर्यंत पोहोचल्या यामागे एका नवरा-बायकोचा हट्ट होता, हे मला पुढे वाचनातून कळले, आणि ती हकिकत मला इतकी आवडते की ती सविस्तर सांगितल्याशिवाय राहवत नाही. 1951 मध्ये अमेरिकेतले बहुतेक कार्यक्रम न्यूयॉर्कमधून थेट प्रक्षेपित होत. पश्चिमेकडच्या प्रेक्षकांसाठी काय करत, तर एका पडद्यावर चाललेल्या कार्यक्रमाचे समोर कॅमेरा ठेवून चित्रण करत आणि ती फीत पाठवून देत. त्याला किनेस्कोप म्हणत. त्यातले चित्र धूसर आणि कडेला पुसट झालेले असे. ल्यूसिल बॉल आणि तिचा नवरा देसी आर्नाझ यांना 'आय लव्ह लूसी' करायचे होते, पण कॅलिफोर्निया सोडायचे नव्हते. प्रायोजक सिगारेट कंपनीला मात्र बहुसंख्य प्रेक्षक जिथे राहत त्या पूर्वेकडे तो धूसर कार्यक्रम दिसलेला चालणार नव्हता. तेव्हा देसी आर्नाझने सुचवले की कार्यक्रम चित्रपटासारखा 35 मिलिमीटर फितीवर चित्रित करावा, म्हणजे देशभर सगळीकडे सारखेच स्वच्छ चित्र दिसेल. खर्च वाढत होता. दोघांनी आपले मानधन कमी करून घेतले आणि त्याच्या बदल्यात त्या फितींची मालकी मागितली. ती त्यांना दिली गेली, कारण एकदा दाखवून झालेल्या कार्यक्रमाला पुढे काही किंमत असेल असे त्या वेळी कोणाला फारसे वाटत नव्हते.

कार्ल फ्रॉइंड नावाच्या जर्मनीतून आलेल्या निष्णात छायालेखकाने तीन कॅमेरे एकाच वेळी चालतील आणि समोर खरे प्रेक्षकही बसू शकतील अशी प्रकाशयोजना बसवली. 15 ऑक्टोबर 1951 रोजी पहिला भाग दाखवला गेला. पुढच्या वर्षी ल्यूसिल बॉल गरोदर राहिली. तिला विश्रांती देता यावी म्हणून आधी होऊन गेलेले काही भाग पुन्हा दाखवण्यात आले, आणि लोकांनी ते तितक्याच आनंदाने पाहिले. एका बाळंतिणीच्या विश्रांतीतून पुनःप्रक्षेपणाची वाट रुळली, ही गोष्ट मला फार हृद्य वाटते. त्या फितींवरचे हसूही खरे आहे. चित्रीकरणाला ल्यूसिल बॉलची आई प्रेक्षकांत येऊन बसत असे आणि मुलगी पडद्यावर संकटात सापडायच्या बेतात आली की तिच्या तोंडून काळजीचा उद्गार निघे. तो उद्गार फितीवर मुद्रित झालेला आहे. तो कोणाचा हे कळल्यापासून मी त्याची वाट पाहू लागले. मला माझ्या आईची आठवण येत असे, आणि त्या हास्याच्या लाटेत कुठेतरी कोणाची तरी आई बसलेली आहे या जाणिवेने मला बरे वाटत असे.

जे फितीवर उतरले नाही किंवा उतरूनही जपले गेले नाही, ते गेले. ड्यूमाँट नावाचे एक संपूर्ण नेटवर्क 1956 मध्ये बंद पडले आणि त्याच्या कार्यक्रमांचा फार मोठा भाग आज अस्तित्वात नाही. अभिनेत्री ईडी ॲडम्स यांनी 1996 मध्ये 'लायब्ररी ऑफ काँग्रेस' या अमेरिकी संसदेच्या ग्रंथालयाने घेतलेल्या सुनावणीत सांगितले, की त्यातल्या उरलेल्या फिती सत्तरच्या दशकात ट्रकांत भरून नेल्या आणि न्यूयॉर्कच्या उपसागरात बुडवून टाकल्या. जॉनी कार्सन यांच्या रात्रीच्या कार्यक्रमाची न्यूयॉर्कमधली पहिली दहा वर्षे बहुतांश पुसली गेली, कारण चित्रफिती महाग होत्या आणि त्या पुसून पुन्हा वापरल्या जात. हे वाचल्यावर 'निक ॲट नाइट'वर दिसणारा प्रत्येक साधासुधा भागही मला वाचलेल्या माणसासारखा वाटू लागला.

बाकीचे अर्थकारण थोडक्यात सांगण्यासारखे आहे. एखाद्या मालिकेचे सुमारे शंभर भाग झाले की ते पुनःप्रक्षेपणासाठी स्थानिक टीव्ही केंद्रांना विकता येत, कारण आठवड्यातले पाच दिवस रोज एक याप्रमाणे ते दाखवले तरी लवकर संपत नसत. 'स्टार ट्रेक'चे तर 1966 ते 1969 या तीन वर्षांत केवळ 79 भाग झाले आणि ती बंद केली गेली. पण पुढे स्थानिक केंद्रांवर रोज लागू लागल्यावर ती एका पिढीच्या मनात बसली आणि दहा वर्षांनी तिच्यावर चित्रपट निघाला. सत्तरच्या दशकाच्या आरंभी सरकारी नियमांमुळे सीबीएसला जुने कार्यक्रम विकण्याचा आपला विभाग वेगळा करावा लागला. 1971 मध्ये त्या विभागातून जी कंपनी झाली ती व्हायाकॉम, आणि पुढे निकलोडियन तिच्याच हाती आले. ज्या कंपनीचा जन्मच पुनःप्रक्षेपणातून झाला होता तिच्याच छत्राखाली माझी ती रात्रीची वाहिनी वाढली, यात एक जुळणी आहे.

मी मात्र हे सगळे कळण्याच्या कितीतरी आधी त्या वाहिनीच्या स्वाधीन झाले होते, आणि त्याचे कारण होते तिने लावलेला क्रम. त्या वर्षी 'द डिक व्हॅन डाइक शो' आणि 'द मेरी टायलर मूर शो' या दोन्ही मालिका तिथे लागत. पहिलीत मेरी टायलर मूर ही लॉरा नावाची गृहिणी आहे. न्यूयॉर्कजवळच्या न्यू रोशेल गावात तिचे घर आहे, एक मुलगा आहे, विनोदी लेखन करणारा नवरा आहे, आणि त्या काळच्या संकेताप्रमाणे शयनगृहात दोन वेगवेगळ्या खाटा आहेत. दुसरी मालिका 1970 ते 1977 या काळातली. तीत हीच अभिनेत्री मेरी रिचर्ड्स नावाची तीस वर्षांची अविवाहित स्त्री आहे, जी लग्न ठरता ठरता मोडल्यावर एकटीच मिनियापोलिस शहरात येते आणि एका वृत्तविभागात नोकरी धरते. निर्मात्यांच्या मनात आधी तिला घटस्फोटित दाखवायचे होते, पण तिने डिक व्हॅन डाइकलाच सोडले असे लोकांना वाटेल, अशी नेटवर्कला धास्ती वाटली. ज्यांनी या मालिका आपापल्या काळी पाहिल्या त्यांच्यासाठी या दोघींच्या मध्ये दहा वर्षे होती. त्या दहा वर्षांत त्या देशाने एका राष्ट्राध्यक्षाची हत्या, व्हिएतनाम, नागरी हक्कांची चळवळ आणि स्त्रियांची चळवळ पाहिली होती. माझ्यासाठी त्यांच्यात एका रात्रीतले थोडेसे अंतर होते. पाहता पाहता तीच बाई केस बदलून, रंग घेऊन, नवरा आणि घर मागे ठेवून दुसऱ्या शहरातल्या थंड रस्त्यावर चालू लागे आणि चौकात उभी राहून हसत आपली टोपी हवेत उडवी.

मीही त्याच थंडीच्या पट्ट्यात एकटी राहत होते. माझे लग्न मोडले नव्हते, पण ते पुढे ढकलून मी इकडे आले होते आणि नातेवाइकांच्या पत्रांत त्याचा विषय असे. एका बाईला घर सोडून जायला किती वेळ लागतो, या प्रश्नाचे उत्तर कोणी निबंध लिहून मला दिले असते तर मी ते वाचून ठेवून दिले असते. त्या वाहिनीत वेळापत्रक आखणाऱ्या कुणा अनोळखी माणसाने दोन जुन्या मालिका एकाच रात्रीत बसवून ते मला दाखवले. त्याच्या मनात तसे काही असेल किंवा नसेलही, पण कार्यक्रमांचा क्रम लावणे ही एक कला आहे आणि ती करणाऱ्यांची नावे कधीच कुठे लागत नाहीत, ही खंत मी आजही बाळगून आहे.

खालच्या मजल्यावर घरमालकीणबाई राहत. सत्तरीच्या, विधवा, अतिशय नेटक्या. त्यांना रात्री झोप येत नसे. लाकडी जमिनीतून आवाज सहज वर येत असल्यामुळे मला लवकरच लक्षात आले, की त्याही तीच वाहिनी लावतात. एकाच केबलवरून एकाच क्षणी तेच संवाद दोन्ही मजल्यांवर घुमत, आणि मधूनच खालून त्यांचे हसू येई. ते हसू नेहमी विनोदाच्या किंचित आधी येई, कारण पुढे काय होणार हे त्यांना पाठ होते. काही आठवड्यांनी मी त्यांना हे सांगितले, तेव्हा त्यांनी मला खालीच येऊन बसायला सांगितले. त्यानंतर अनेक रात्री आम्ही दोघी त्यांच्या दिवाणखान्यात, मध्ये एक दिवा ठेवून, त्या मालिका पाहिल्या.

19 जानेवारी 1953 ची रात्र त्यांना स्वच्छ आठवत होती. त्या दिवशी ल्यूसिल बॉलला खरोखर मुलगा झाला आणि त्याच रात्री मालिकेतल्या लूसीलाही बाळ झाल्याचा भाग दाखवला गेला. सुमारे 4 कोटी 40 लाख लोकांनी तो पाहिला, दुसऱ्या दिवशीच्या आयझेनहॉवर यांच्या शपथविधीपेक्षा कितीतरी अधिक. घरमालकीणबाईंच्या घरी तेव्हा टीव्ही नव्हता. बहिणीकडे होता. तिच्या घरात त्या रात्री इतकी माणसे जमली होती की बाई स्वतः दारात उभ्या राहून पाहत होत्या आणि त्यांच्या कडेवर त्यांचा धाकटा मुलगा झोपला होता. हे सांगताना त्यांचा आवाज हळुवार झाला. पण मी जेव्हा, त्या काळी तुमचे सगळ्यांचे आयुष्य असेच होते का, असे विचारले, तेव्हा त्या एकदम सावरून बसल्या. त्यांनी सांगितले, की असे घर त्यांच्या ओळखीत कोणाचेच नव्हते. युद्धाच्या काळात त्यांनी कारखान्यात काम केले होते, तिथे त्या पँटच घालत, आणि युद्ध संपल्यावर पुरुष परत आले तेव्हा त्यांना घरी पाठवण्यात आले. पुढे लॉराच्या भूमिकेत मेरी टायलर मूरने घरातही पँट घालण्याचा आग्रह धरला तेव्हा प्रायोजकांना ते खटकले होते, हे मी सांगितल्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "आम्ही हे पाहत होतो ते आमचे घर असे होते म्हणून नव्हे. असे असावे असे आम्हाला सांगितले जात होते म्हणून."

त्या रात्रीनंतर मी त्याच मालिका वेगळ्या डोळ्यांनी पाहू लागले आणि तेव्हा मला त्यात कोण नाही हे दिसू लागले. त्या उपनगरांत काळी माणसे जवळजवळ नव्हतीच. 'एमॉस अँड अँडी' ही कृष्णवर्णीय कलाकारांची मालिका 1951 मध्ये आली होती, पण तिच्यातल्या अपमानकारक चित्रणाला नागरी हक्कांच्या संघटनांनी विरोध केला आणि 1966 मध्ये सीबीएसने तिचे पुनःप्रक्षेपणही थांबवले. डायहॅन कॅरोल यांनी एका कृष्णवर्णीय परिचारिकेची प्रमुख भूमिका केलेली 'ज्युलिया' यायला 1968 साल उजाडावे लागले. आणि माझ्यासारखी माणसे? ती तर देशातच फारशी नव्हती. 'द डिक व्हॅन डाइक शो' सुरू झाला तेव्हा भारतातून अमेरिकेत कायमचे राहायला येणाऱ्यांसाठी वर्षाला 100 जणांचा कोटा होता. तो रद्द करणारा कायदा 1965 मध्ये, मालिका अजून चालू असताना झाला. ज्या दिवाणखान्यात मी रोज रात्री मनाने जाऊन बसत होते, त्या दिवाणखान्याच्या काळात मला त्या देशाचे दार जवळपास बंद होते. हे कळल्यावर मला दुःख झाले. वाहिनी लावणे मी थांबवले नाही, पण त्या घरांना मी पुन्हा कधी निर्मळ मानले नाही, आणि तरीही त्यांच्यावर माया करणे मला जमले. जुन्या गोष्टींवर प्रेम करायचे तर त्यांची झाडाझडती घेऊनही उरेल तेवढेच प्रेम खरे, असे माझे मत त्या दोन वर्षांत तयार झाले.

29 एप्रिल 1996 रोजी 'निक ॲट नाइट'च्याच कंपनीने 'टीव्ही लँड' ही चोवीस तासांची जुन्या मालिकांची वाहिनी काढली. तिथे मालिकांबरोबर जुन्या जाहिरातीही दाखवत. या वाहिनीने आणखी एक गोष्ट केली, जी मला फार मोठी वाटते. तिने जुन्या मालिकांतल्या व्यक्तिरेखांचे पुतळे त्या त्या शहरांत उभारले. न्यूयॉर्कच्या बसस्थानकाबाहेर 'द हनीमूनर्स'मधला बसचालक राल्फ क्रॅमडेन उभा राहिला आणि 8 मे 2002 रोजी मिनियापोलिसच्या निकोलेट मॉलवर टोपी उडवणारी मेरी रिचर्ड्स. अनावरणाला स्वतः मेरी टायलर मूर आल्या होत्या. त्या उन्हाळ्यात मी आणि माझा नवरा गाडीने मिनियापोलिसला गेलो. पुतळ्याचा हात वर आहे आणि टोपी बोटांच्या टोकाशी आहे, सुटण्याच्या क्षणी थांबलेली. पायथ्याशी एक वयस्क बाई आपल्या नातीला काही समजावून सांगत होती आणि नातीला ते फारसे कळत नव्हते. मी तिथे बराच वेळ उभी राहिले. घरमालकीणबाई त्याआधीच्या वर्षी गेल्या होत्या आणि त्यांनी हे पाहायला हवे होते असे मला सारखे वाटत राहिले.

त्यानंतर ते सगळे हळूहळू विरत गेले. कोणतीही वाहिनी एका दिवशी बंद पडली नाही, म्हणून तिचा निरोप घेण्याची वेळही कधी आली नाही. 'निक ॲट नाइट'वर कृष्णधवल मालिका कमी होत गेल्या, ऐंशीच्या दशकातल्या आल्या, मग नव्वदच्या. 'टीव्ही लँड'ने 2010 पासून स्वतःच्या नव्या विनोदी मालिका काढायला सुरुवात केली. 2011 मध्ये 'निक ॲट नाइट'वर 'फ्रेंड्स' लागू लागली, तेव्हा मी चमकले. ती 1994 मध्ये सुरू झाली होती, म्हणजे माझ्या विद्यार्थिदशेतली, माझ्याच वयाच्या माणसांची. माझा स्वतःचा काळ आता जुना म्हणून दाखवला जात होता आणि मला त्यातले काहीच आठवत नव्हते, कारण त्या वर्षांत मी खालच्या मजल्यावर बसून 1961 पाहत होते.

मालिका दाखवण्याची रीतही बदलली होती. साठच्या दशकात अर्ध्या तासाच्या भागात साधारण पंचवीस मिनिटांची गोष्ट असे. जाहिरातींचा वेळ वाढला तशी ती त्याच अर्ध्या तासात मावेना. मग काही वाहिन्या मधली दृश्ये कापू लागल्या आणि काही तर चित्राचा वेग कळेल न कळेल इतका वाढवू लागल्या. जो प्रसंग मला तोंडपाठ होता त्यातले एखादे वाक्य नाहीसे झालेले पाहून मला घरातली वस्तू चोरीला गेल्यासारखे वाटे. विनोदात दोन वाक्यांमधला थांबा फार महत्त्वाचा असतो, आणि तो वाचवलेल्या सेकंदांत पहिल्यांदा जातो.

आज यातले बरेचसे मागणीप्रमाणे मिळते, हे मी नाकारत नाही. काही मालिकांचे अखंड, स्वच्छ केलेले भाग मी त्या काळी पाहिले त्याहून किती तरी चांगल्या रूपात उपलब्ध आहेत. काहींचे मात्र तसे नाही. 'डब्ल्यूकेआरपी इन सिनसिनाटी' ही रेडिओ केंद्रावरची मालिका, तिच्यात त्या काळची खरी गाणी वाजत. गाण्यांचे परवाने संपल्यावर पुढच्या आवृत्त्यांत त्यांच्या जागी दुसरेच संगीत घातले गेले, आणि रेडिओवरच्या मालिकेतून तिचा रेडिओच काढून घेतल्यासारखे झाले. पण हे बाजूला ठेवले तरी मला जे जाणवते ते वेगळे आहे. यादीतून निवडून मी जेव्हा एखादा भाग लावते, तेव्हा तो माझ्याकडे आलेला नसतो. मी त्याच्याकडे गेलेली असते. त्या क्षणी दुसऱ्या कुठल्या खोलीत, दुसऱ्या कुठल्या शहरात झोप न येणारे कोणी तो पाहत असेल असे मला मानता येत नाही. घराच्या खालच्या मजल्यावर तर नाहीच नाही. आणि आज तो अडखळेल की वाचेल ही उत्सुकता उरत नाही, कारण कोणता भाग लावायचा हे मीच ठरवलेले असते.

म्हणून मला जेव्हा कळले की जुन्या मालिका केबल सोडून पुन्हा छतावरच्या अँटेनाकडे गेल्या आहेत, तेव्हा मी फार आनंदले. 12 जून 2009 रोजी अमेरिकेतल्या मोठ्या केंद्रांचे जुन्या पद्धतीचे प्रक्षेपण बंद झाले. नव्या डिजिटल पद्धतीत एकाच केंद्राला आपल्या जागेत अनेक वाहिन्या बसवता येऊ लागल्या आणि त्या रिकाम्या जागांसाठी पुन्हा तोच जुना प्रश्न आला, की इथे स्वस्तात काय दाखवायचे. शिकागोच्या एका प्रसारण कंपनीने आपल्या शहरात चालवलेली 'मीटीव्ही' ही जुन्या मालिकांची वाहिनी 2010 च्या अखेरीस देशभर नेली आणि 1 जानेवारी 2011 रोजी 'अँटेना टीव्ही' सुरू झाली. महिन्याचे पैसे न भरता, हवेतून, जशी ती 1951 मध्ये येत होती तशी लूसी पुन्हा घरात येऊ शकत होती.

आम्ही आता शिकागोजवळ राहतो. माझ्या मुलीने मला खिडकीला लावायचा चपटा अँटेना आणून दिला आणि तो कोणत्या दिशेला लावावा यासाठी आम्ही दोघींनी एक संपूर्ण दुपार घालवली. वारा सुटला की चित्राचे चौकोन होतात आणि आवाज तुटतो, मग उठून तो बोटभर सरकवावा लागतो. गेल्या हिवाळ्यात एका रात्री मला झोप येत नव्हती. मुलगी सुट्टीसाठी घरी आलेली होती आणि वरच्या खोलीत अभ्यास करत होती. मी दिवा न लावता टीव्ही लावला. अशाच एका वाहिनीवर ती ओळखीची धून सुरू झाली, दार उघडले आणि तो उंच माणूस आत आला. मी काही न ठरवता पुढे वाकले. तो बैठकीपाशी आला, वळसा घालून पुढे गेला. मग भाग सुरू झाला. थोड्या वेळाने जिन्यावर पावले वाजली आणि मुलगी अर्ध्यावर येऊन उभी राहिली. तिने विचारले, "आई, तू आधीच कशी हसतेस? अजून तर तो काही बोललाही नाही."

मी सरकून तिला बसायला जागा केली.